मान टाकलेली झाडे आणि रोजचा पाइप: स्नॅपड्रॅगनच्या पाण्याचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

ज्या बागेची ही हकीकत आहे ती अगदी लहान. घरामागे ३ मीटर लांब आणि १ मीटर रुंद असा एक वाफा, आणि पायऱ्यांच्या कडेने मांडलेल्या ९ कुंड्या. बाग जिने हौसेने उभी केली तिला इथे ताई म्हणू. पाणी घालायचे काम घरातल्या काकांकडे. ते रोज संध्याकाळी पाइप हातात घेत आणि एकही दिवस चुकवत नसत. नावे मुद्दाम दिलेली नाहीत.

थंडीच्या सुरुवातीला ताईने स्नॅपड्रॅगनची ४८ रोपे आणली. याच फुलाला कुणी डॉग फ्लॉवर म्हणतात, बागकामाच्या पुस्तकांत अँटिऱ्हिनम असते. ३० रोपे वाफ्यात ३० सेंमी अंतरावर लावली आणि १८ रोपे कुंड्यांत, २५ सेंमी तोंडाच्या प्रत्येक कुंडीत दोन. वाफ्यात चिकण माती होती, तिच्यात शेणखत मिसळले होते. कुंड्यांत मात्र जवळपास निम्मे कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा होता. मातीतला हा फरक तेव्हा कुणाच्या लेखी महत्त्वाचा नव्हता, पण पुढचे सगळे त्याच्यावरच फिरले.

या झाडाचा स्वभाव आधी सांगते, कारण पुढचे निर्णय त्यावरच बेतलेले आहेत. स्नॅपड्रॅगन मूळचे भूमध्य समुद्राभोवतालच्या प्रदेशातले. तिथे ते खडकांच्या कपारीत आणि जुन्या दगडी भिंतींच्या सांध्यांत आपोआप उगवते. तिथला पाऊस थंडीत पडतो आणि उन्हाळा कोरडा असतो. म्हणजे या झाडाला गारवा हवा, ओल हवी, पण पाणी मुळाशी साचलेले मुळीच चालत नाही. कपारीत पाणी येते आणि निघून जाते. ते निघून गेल्यावर मागे जी ओल उरते, तिच्यावर हे झाड जगते. आपल्या भाषेत यासाठी नेमका शब्द आहे: वाफसा. माती हातात घेतली तर ओलसर लागावी, पण बोटांना चिखल लागू नये, आणि मुळांना हवाही मिळावी. या प्रकरणात जे बिघडले ते वाफसा मोडल्यामुळे आणि जे सावरले ते तो पुन्हा साधल्यामुळे.

अडचण

पहिले पाच आठवडे सगळे छान होते. सहाव्या आठवड्यात कळ्या दिसू लागल्या आणि त्याच सुमारास झाडांनी मान टाकायला सुरुवात केली. वाफ्यातली खालची पाने पिवळी पडत होती. कुंड्यांमधल्या तुऱ्यांचे शेंडे दुपारनंतर लुळे पडत आणि कळ्या फुलायच्या आधीच गळत. ताईने काकांना सांगितले, आणि काकांनी तेच केले जे कुठल्याही मायाळू माणसाने केले असते. त्यांनी पाणी वाढवले.

आठवड्याभरात वाफ्यातली चार झाडे आडवी झाली. उरलेल्यांपैकी काही पानांवर फिकट पिवळे ठिपके उठले. पान उलटून पाहिले तर त्याच जागी चॉकलेटी रंगाच्या बारीक पुळ्या, काही ठिकाणी एकात एक वर्तुळे काढल्यासारख्या. बोट फिरवले की तपकिरी पूड हाताला लागे. हा तांबेरा, बुरशीमुळे होणारा पानांचा रोग. स्नॅपड्रॅगनचा सगळ्यात ओळखीचा शत्रू.

ताईने मला बोलावले ते याच टप्प्यावर. फोनवरचा तिचा प्रश्न होता, "पाणी अजून किती वाढवू?"

पहिला निर्णय: ओतायचे की आधी उकरायचे

मी पोचले तेव्हा दुपारचे चार वाजले होते आणि काका पाइप जोडत होते. त्या दिवशी पाणी घालू नका एवढेच मी म्हटले. काका थबकले. "झाड मान टाकतंय आणि आपण पाणी तोडायचं?" हा त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता. मान टाकणे म्हणजे तहान, असेच सगळ्यांना वाटते. पण पाणी कमी पडले तरी झाड मान टाकते आणि मुळे कुजली तरी मानच टाकते. कुजलेले मूळ पाणी ओढू शकत नाही, म्हणून पाण्यात उभे असूनही झाड तहानेने मरते. वरून पाहून यातला फरक कळत नाही. खाली पाहावेच लागते.

आम्ही आधी वाफ्यातले एक आडवे झालेले रोप उपटले. ते उपटायला जोरच लागला नाही. मुळे तपकिरी, बुळबुळीत. एक मूळ चिमटीत धरून हलकेच ओढले तर वरची साल मोज्यासारखी सुटून हातात आली आणि आत पांढरा दोरा तेवढा उरला. हे मूळकुजीचे खात्रीचे लक्षण. त्याच खड्ड्यातली बोटभर खोलीवरची माती मुठीत दाबली, तिचा घट्ट गोळा झाला आणि बोटांच्या फटींतून पाणी निघाले. वास आंबूस होता.

मग कुंडी. वरून माती काळी, ओली दिसत होती. काका म्हणाले, "ही तर भिजलेलीच आहे." मी कुंडी उचलली, ती हलकी लागली. रोप मातीच्या गड्ड्यासकट अलगद बाहेर काढले. वरची सेंटिमीटरभर माती ओली, बाजूने ओलीची एक रेघ तळापर्यंत गेलेली, आणि गड्ड्याचा मधला भाग कोरडा, भुसभुशीत, भुशासारखा. कोकोपीट एकदा पुरते वाळले की लवकर पाणी घेत नाही. वरून पाइप धरला की पाणी गड्डा आणि कुंडी यांच्यामधल्या फटीतून सरळ खाली जाते आणि तळाच्या भोकातून बाहेर पडते. पाहणाऱ्याला वाटते, कुंडी भरली.

एकाच बागेत, एकाच माणसाच्या हातून, एकाच वेळी घातलेल्या पाण्याने वाफा बुडत होता आणि कुंड्या तहानेल्या होत्या. वरून दिसणारे लक्षण मात्र एकच. मला विचाराल तर या प्रकरणातला सर्वांत मोलाचा अर्धा तास हाच होता. आम्ही उकरले नसते तर जे काही केले असते ते निम्म्या झाडांच्या बाबतीत चुकलेच असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक मोजमाप केले. १० लिटरची बादली पाइपखाली धरली, ती ५० सेकंदांत भरली. म्हणजे मिनिटाला १२ लिटर. काका वाफ्यापाशी रोज साधारण ४ मिनिटे उभे राहत. दिवसाला ४८ लिटर, आठवड्याला ३३६. बागेतल्या स्नॅपड्रॅगनला आठवड्याला सुमारे २५ मिमी पाणी पुरते, पाऊस धरून. चौरस मीटरला २५ मिमी म्हणजे २५ लिटर. वाफा ३ चौरस मीटरचा, म्हणजे गरज ७५ लिटरची. ती साडेचार पटींनी भागवली जात होती, तीही पाणी धरून ठेवणाऱ्या चिकण मातीत आणि थंडीच्या दिवसांत. हे आकडे काकांनी स्वतः वहीत मांडले आणि बराच वेळ त्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "मी तर जीव लावून घालत होतो." त्यांच्या मायेत काही खोट नव्हती. झाड काय म्हणते ते ओळखायचे कसे, हे त्यांना कुणी दाखवले नव्हते इतकेच.

समोर असलेले पर्याय

ताईच्या मनात पहिला पर्याय होता तो सगळे उपटून नव्याने लावण्याचा. थंडी अजून बरीच शिल्लक होती, त्यामुळे तो अगदीच चुकीचा नव्हता. पण माती आणि पाण्याची पद्धत तीच ठेवली असती तर नवी रोपेही त्याच वाटेने गेली असती.

दुसरा पर्याय बुरशीनाशकाचा. तांबेऱ्यासाठी शिफारस असलेली औषधे आहेत, आणि ती पाने निरोगी असतानाच जास्त उपयोगी पडतात. पण तांबेऱ्याच्या बीजाणूला रुजायला पानावर काही तास टिकणारा पाण्याचा पापुद्रा लागतो. संध्याकाळी पाइपने भिजवलेली पाने रात्रभर ओली राहत, त्यात थंडीतले दव. रोज रात्री रोगाला अंथरूण घालून द्यायचे आणि दिवसा औषध मारायचे, याला अर्थ नव्हता. आधी पाने कोरडी ठेवायची आणि मग औषधाचा विचार करायचा, असे ठरले. हा निर्णय पूर्ण बरोबर होता का, याबद्दल शेवटी लिहिले आहे.

तिसरा पर्याय ठिबकचा, वेळ लावून देण्याच्या यंत्रासकट. काकांना हे मनातून नको होते, आणि मलाही. ठिबक उत्तम. पाणी मुळाशी पडते, पान कोरडे राहते. पण यंत्र रोज सहाला पाणी सोडते, मग माती ओली असो की कोरडी. वेळापत्रक माणसाच्या हातून यंत्राच्या हाती गेले असते, रोग तोच राहिला असता.

चौथा पर्याय निवडला: पाणी घालायचे की नाही हे रोज मातीला विचारायचे. आणि विचारणारे काकाच असावेत. त्यांच्या हातून काम काढून घेतले असते तर बागेतले रोज डोळ्यांत तेल घालून पाहणारे माणूसच गेले असते.

केलेले उपाय, ऋतूंप्रमाणे

थंडीत

वाफ्याचे पाणी ९ दिवस पूर्ण बंद. कुजलेली ११ झाडे काढली. तांबेऱ्याने पुरती भरलेली ७ झाडे पिशवीत घालून बागेबाहेर काढली, कंपोस्टमध्ये टाकली नाहीत. उरली १२. त्यांच्या ओळींमधली माती हलक्या हाताने खुरपून मोकळी केली आणि वाफ्याच्या दोन्ही कडांना पाणी निघून जायला चर काढले.

कुंड्यांचे उलटे. प्रत्येक कुंडी पाण्याने भरलेल्या घमेल्यात ठेवली, पाणी कुंडीच्या निम्म्या उंचीपर्यंत. पहिल्या कुंडीतून बुडबुडे येत राहिले, ते थांबायला वीस मिनिटे लागली. तोवर वरची मातीही खालून ओली होऊन काळी पडली होती. मग कुंडी बाहेर काढून निथळू दिली. एकदा गड्डा असा आतपर्यंत भिजला की पुढे वरून घातलेले पाणी नीट मुरते, फक्त तो परत पूर्ण वाळू द्यायचा नाही. दोन कुंड्यांच्या तळाशी ताईने खापऱ्यांचा जाड थर दिला होता, निचरा व्हावा म्हणून. तो काढायला लावला. बारीक मातीतले पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहज उतरत नाही, ते थराच्या वरच अडते, आणि मुळांना कोरडी जागा उलट कमी मिळते. भोकावर एखादे खापर पुरे.

मग रोजची पद्धत. सकाळी ऊन तापायच्या आधी काकांनी वाफ्यात तीन ठिकाणी तर्जनी दुसऱ्या पेरापर्यंत खुपसायची. बोटाला ओली माती चिकटली तर त्या दिवशी पाणी नाही. बोट कोरडे निघाले तर पाणी, तेही पाइपला झारीचे तोंड लावून, बुंध्याच्या आसपास जमिनीवर, सावकाश. कुंडीसाठी बोटाबरोबर वजनही. भिजलेली कुंडी उचलून हाताला तिचे वजन कळू द्यायचे आणि मग रोज नुसती एक कड उचलून पाहायची. पाणी घातल्यावर अर्ध्या तासाने बशीतले पाणी ओतून टाकायचे.

पाणी कमी वेळा, पण घालताना भरपूर, हे काकांना पटायला वेळ लागला. रोज थोडे थोडे शिंपडले की वरची दोन बोटे तेवढी ओली राहतात आणि मुळे तिथेच घुटमळतात. पाणी १५ सेंमीपर्यंत उतरले की मुळेही खाली जातात. एकदा पाणी घातल्यावर तासाभराने आम्ही कडेला खुरप्याने उकरून पाहिले. ओल फक्त ६ सेंमी गेली होती. काकांनी त्याच जागी आणखी दोन वेळा थांबून थांबून पाणी दिले, मग ती पोचली. त्या दिवसानंतर ते स्वतःच उकरून पाहू लागले.

अगदी कडाक्याच्या थंडीत वाफ्याला सात-आठ दिवस पाणी लागले नाही. जमलेले झाड हलके हिमकण सोसते, पण थंड मातीत साचलेले पाणी सोसत नाही. अशा दिवसांत पाणी सकाळी उशिरा, माती थोडी उबदार झाल्यावर द्यायचे, म्हणजे रात्रीच्या गारठ्याआधी जास्तीचे निथळून जाते.

कळ्यांच्या दिवसांत

पाण्याची खरी भूक या काळात असते. तुरा वाढत असताना माती एकदा जरी कडक वाळली तरी तुरा आखूड राहतो आणि वरच्या कळ्या गळतात. त्यामुळे इथे बोट पहिल्या पेरापर्यंतच खुपसायचे आणि तेवढे कोरडे निघाले की पाणी. वाफ्याला आठवड्यातून दोनदा, प्रत्येक वेळी ३० ते ३५ लिटर, असा हिशेब आपोआप जमला. आठवड्याची बेरीज ७५ च्या आतच राहिली.

इथे आणखी एक गोष्ट उलगडली. बऱ्याच तुऱ्यांची टोके हुकासारखी वाकडी होती. ताईला तो रोग वाटला होता. पाइपच्या धारेने तुरे संध्याकाळी आडवे व्हायचे आणि स्नॅपड्रॅगनचा शेंडा जमिनीपासून दूर, वरच्या दिशेला वळतो. रात्रभरात टोक उभे व्हायचे, दांडा आडवाच. मग तो बाक कायमचा. फुलवाले हे तुरे नेताना उभेच ठेवतात ते याचसाठी. जमिनीलगत पाणी घालायला लागल्यापासून नवे तुरे सरळ आले.

उन्हाळ्यात

पारा ३० अंशांच्या वर राहू लागला तशी फुले कमी झाली आणि दुपारी पाने पुन्हा लोंबू लागली. काकांचा हात पाइपकडे गेलाच. पण या वेळी त्यांनी आधी बोट खुपसले. माती ओली. ठरवले असे की दुपारी मान टाकली तर संध्याकाळपर्यंत वाट पाहायची. भर उन्हात पानांतून पाणी जितक्या वेगाने उडते तितक्या वेगाने मुळे ओढू शकत नाहीत, म्हणून झाड पाने सैल सोडते आणि उन्हे उतरली की सावरते. सकाळी सहाला जे झाड मान टाकून उभे असेल तेच खरे अडचणीत. हा एक नियम मी आता सगळ्यांना सांगते: स्नॅपड्रॅगनची तब्येत पहाटे बघा.

फुले संपल्यावर प्रश्न आला, झाडे ठेवायची की काढायची. हे झाड बरेच लोक एका हंगामापुरते लावतात, पण ते मुळात अल्पायुषी बहुवर्षायू आहे. ताईला ठेवायची होती. वाफ्यातली १२ आणि कुंड्यांतली वाचलेली १६ झाडे १५ सेंमीवर छाटली. इथे एक चूक होता होता राहिली. छाटणीनंतर पाने निम्म्याहून कमी झाली, म्हणजे पाण्याची गरजही तितकीच उतरली. छाटलेल्या झाडाला आधीइतकेच पाणी देत राहिले की उन्हाळ्यातही मुळे कुजतात. काकांनी दोन दिवसांनी वहीत लिहिले होते, "छाटल्यापासून कुंडी हलकी व्हायला दुप्पट दिवस." त्यांना हे मी सांगितले नव्हते.

वाफ्यावर ४ सेंमी सुक्या पानांचे आच्छादन दिले, बुंध्याभोवती तीन बोटे जागा मोकळी ठेवून. कुंड्या दुपारच्या उन्हातून हलवल्या.

पावसात

याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही, कारण आम्ही फार काही करू शकलो नाही. कुंड्या छपराखाली घेतल्या, पण पहिल्यांदा त्या नेमक्या पागोळ्यांखाली आल्या आणि दोन दिवसांत तीन झाडे गेली. मग भिंतीला लावून ठेवल्या. सरळ बाजूंचा एक डबा वाफ्यात ठेवून पाऊस मोजला. डब्यात २५ मिमी पाणी जमले की त्या आठवड्याचा कोटा पुरा. झड लागली त्या आठवड्यात डबा दोन दिवसांत तेवढा भरत होता. आच्छादन काढून टाकले, चर उपसत राहिलो. तरी वाफ्यातली १२ पैकी ७ झाडे गेली. कुंड्यांतली एकूण ५ गेली, ११ राहिली.

दुसरा हंगाम: बीपासून

पाऊस ओसरताना ताईने या वेळी बी पेरले. स्नॅपड्रॅगनचे बी धुळीसारखे असते, एका ग्रॅममध्ये हजारो. रुजायला त्याला उजेड लागतो, म्हणून ते मातीवर नुसते पसरायचे, झाकायचे नाही. अशा बियाण्यावर झारी धरली की ते वाहून कोपऱ्यात गोळा होते. त्यामुळे दोन्ही ट्रे पेरणीआधीच खालून भिजवले, आणि नंतरही पाणी खालच्या तबकातून दिले. १८ ते २१ अंशांच्या उबेत दहा-बारा दिवसांत हिरवी लव दिसू लागली.

एका ट्रेवरचा प्लास्टिकचा कागद ताईने रोपे दिसल्यावरही चार दिवस काढला नाही. ओल टिकावी हा हेतू. त्या ट्रेमध्ये एका सकाळी हाताच्या पंजाएवढ्या जागेतली रोपे जमिनीलगत बारीक होऊन कोलमडलेली दिसली. दुसरा ट्रे उघडा होता, त्यात काही झाले नाही. कोंब वर आला की कागद निघाला पाहिजे, आणि दोन पाण्यांमध्ये मातीचा वरचा पापुद्रा किंचित फिका पडू दिला पाहिजे.

वाफा आता १५ सेंमी उंच केला होता आणि त्यात भरड वाळू व कुजलेला पाचोळा मिसळला होता. रोपे ८ ते १० सेंमी झाल्यावर शेंडे खुडले. लावणीनंतर पहिले आठ-दहा दिवस मुळे ट्रेमधल्या छोट्या गड्ड्यातच असतात. तो गड्डा आजूबाजूच्या मातीच्या आधी वाळतो, म्हणून तेव्हा बोट रोपाच्या अगदी लगत खुपसायचे. नंतर दोन रोपांच्या मध्ये.

निष्पत्ती

दुसऱ्या हंगामात वाफ्यात २८ आणि कुंड्यांत १२ रोपे लावली. चाळिसांपैकी ३६ फुलावर आली. मूळकुजीने एकच गेले. वाफ्याचे पाणी थंडीतल्या कोरड्या आठवड्यांत ६० ते ७० लिटर राहिले, आधी ते ३३६ होते. जुन्या झाडांपैकी कुंड्यांतली नऊ पुन्हा फुलली, पण तुरे पहिल्या वर्षीपेक्षा लहान.

तांबेरा मात्र पुन्हा आला. जुन्या कुंड्यांना लागून असलेल्या ६ नव्या रोपांवर.

वेगळे काय करता आले असते

हा तांबेरा आमच्या निर्णयातून आला. तो जिवंत पानांवरच जगतो. उन्हाळ्यात कडक उष्णतेने तो दबला होता, आणि आम्ही समजलो गेला. जुनी झाडे राखणे म्हणजे रोगाला एका हंगामातून दुसऱ्यात जायला पूल बांधून देणे, हे मला माहीत असूनही मी ताईच्या उत्साहापुढे ठामपणे बोलले नाही. आज मी सांगितले असते: तांबेरा आलेल्या वर्षी एकही जुने झाड ठेवू नका, आणि ठेवायचेच असेल तर नव्या रोपांपासून बागेच्या दुसऱ्या टोकाला ठेवा.

पहिल्या वर्षी औषध न मारण्याचाही पुनर्विचार व्हायला हवा. पाने कोरडी ठेवण्याने रोगाचा पसरण्याचा वेग नक्की उतरला. पण तेव्हा वाफ्यातली १२ निरोगी दिसणारी झाडे होती, आणि औषधाचा उपयोग नेमका अशाच झाडांना होतो. पाण्याची वेळ बदलणे आणि लेबलवर दिलेल्या मात्रेने एक-दोन फवारण्या, हे दोन्ही बरोबर केले असते तर रोग पुढच्या वर्षापर्यंत पोचला नसता असे मला वाटते. पाण्याने सगळे सुटेल या विश्वासात मी तेव्हा थोडी वाहून गेले.

वाफा उंच करायचे काम पहिल्या पावसाआधी व्हायला हवे होते. पहिल्याच दिवशी मुठीतल्या मातीतून पाणी निघाले तेव्हा ते कळलेच होते. आम्ही ते पुढे ढकलले आणि ७ झाडे गेली.

आणि ताई-काकांमधले बोलणे. सुरुवातीच्या आठवड्यांत दोघेही बाग रोज पाहत होते, पण ताई फुलांकडे पाहायची आणि काका पाण्याकडे. झाडांनी मान टाकल्यावर ताई सांगे, "काका, झाडं सुकतायत, बघा ना." त्यावर काका पाणी वाढवत. "पानं पिवळी पडतायत, खालची," एवढे जरी नेमके सांगितले असते तरी काकांना शंका आली असती, कारण कोरड पडल्यावर पाने कशी दिसतात हे त्यांना अनुभवाने माहीत होते. आता वहीत दोन रकाने आहेत. एकात ताई पहाटे काय दिसले ते लिहिते, दुसऱ्यात काका बोट किती खोल कोरडे निघाले ते. पाणी घातले की नाही, ते त्याखाली.

परवा गेले तेव्हा वहीतली शेवटची नोंद काकांच्या अक्षरात होती: "पायरीवरची तिसरी कुंडी. दुपारी मान खाली. बोट ओलं. थांबलो. सातला सरळ."